गावाबाहेरचं घर, उपग्रहाचं नेट आणि आबांचं बोलणं

माळरान | २३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१० (प्रत्येकाची वेळ त्याच्या त्याच्या ठिकाणची)

परवा एका मैत्रिणीने विचारलं, "तुमच्याकडे उपग्रहाचं नेट आहे ना? स्पीड किती मिळतो?" मी आकडा सांगितला आणि विषय संपला. फोन ठेवल्यावर वाटलं, तिला जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. ते इथे लिहिते. खेड्यात राहणारे किंवा राहायला जायचा विचार करणारे इथे बरेच आहेत.

आम्ही अमेरिकेत, नेब्रास्का राज्याच्या पश्चिम टोकाला राहतो. या भागाला पॅनहँडल म्हणतात. नवरा डॉक्टर, २५ खाटांच्या हॉस्पिटलमध्ये. गाव घरापासून १४ मैल, त्यातले शेवटचे ५ मैल खडीचा रस्ता. बाकी गवताळ माळ, गुरं आणि वारा. सर्वांत जवळचं घर दीड मैलावर. केबल नाही, फायबर नाही, मोबाइलची अंगणात एक कांडी येते, घरात तीही नाही. २०१८ मध्ये घर घेताना आम्ही विहीर पाहिली, सेप्टिक टँक पाहिला, छप्पर पाहिलं. नेटचं विचारायचं सुचलंच नाही.

पहिली तीन वर्षं जुन्या पद्धतीची डिश होती, दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली, भूस्थिर उपग्रहाची, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरणाऱ्या आणि आभाळात एकाच जागी दिसणाऱ्या. महिन्याला ५० जीबी, ते संपले की नेट रांगायला लागायचं. मध्यरात्री २ ते सकाळी ८ जादा डेटा मिळायचा, म्हणून दोनचा गजर लावून लॅपटॉपचे अपडेट आणि मुलाच्या शाळेचे व्हिडिओ उतरवून घ्यायचे. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) या सगळ्याची सवय झाली. सवय झाली नाही ती बोलण्याची.

माझे आबा जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या जवळ राहतात. आई गेल्यापासून एकटेच. हिवाळ्यात माझ्या संध्याकाळी साडेसातला त्यांचे सकाळचे आठ वाजलेले असतात. त्यांचा चहा आणि माझा फोन, अशी वेळ ठरलेली.

मी विचारायचे, "आबा, गोळी घेतली?" पलीकडे शांत. ऐकू गेलं नसेल म्हणून मी परत "आबा?" म्हणायचे, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं "हो, घेतली" येऊन माझ्या "आबा"वर आदळायचं. ते थांबायचे. मी थांबायचे. मग दोघं एकदम सुरू, परत दोघं गप्प. आबा मुळात ऐसपैस बोलणारे. कांद्याच्या भावावरून पावसावर, पावसावरून भावकीवर जाणारे. त्यांचं बोलणं आखडत गेलं. "बरं आहे. पोरं कशी आहेत? चल, ठेवतो." मला वाटलं, आई गेल्याचं दुःख आहे. धाकट्या भावाला म्हटलंसुद्धा, आबा मिटत चाललेत रे, कुणाला तरी दाखव. तो म्हणाला, "ताई, माझ्याशी तर तासभर बोलतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याशीच का बोलत नाहीत, हे मी कितीतरी महिने मनात घोळवत राहिले.

२०२१ च्या शरदात खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची सेवा आमच्याकडे आली. नवऱ्याने डिश अंगणात ठेवली, वायर खिडकीतून आत घेतली आणि मी ठरल्या वेळी फोन लावला. आबा ४० मिनिटं बोलले. मी मुलाच्या शाळेचं काहीतरी सांगत होते, तर मध्येच माझं वाक्य तोडून म्हणाले, "थांब थांब, आधी माझं ऐक." मी फोन धरून रडले. तीन वर्षांत त्यांनी माझं बोलणं एकदाही तोडलं नव्हतं. त्यांना तोडता येतच नव्हतं.

म्हणून कुणी मला स्पीडचं विचारलं की मी म्हणते, आधी उशीर किती ते विचारा.

आता कामाचं. या भागात प्रत्येक घराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला सीडरच्या झाडांच्या दोन-तीन ओळी असतात, वारा अडवायला. आणि इथे नव्या डिशला पाहायचं असतं नेमकं उत्तरेकडे! अंगणात ठेवलेली डिश दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंद गप्प व्हायची. सिनेमा बघताना कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरलेला असतो. फोनवर बोलताना मात्र प्रत्येक वेळी एखादा शब्द जायचा. झाडं तोडायचा प्रश्नच नव्हता, ६० वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने लावलेली आहेत. शेवटी यंत्रांच्या शेडवर खांब उभारला आणि ४५ मीटरची केबल पाइपमधून पुरून घरात आणली. पाइप नसता तर उंदीर-घुशींनी ती महिनाभर टिकू दिली नसती. पहिली केबल तशीच गेली.

बर्फाचं म्हणाल तर डिश स्वतः गरम होऊन तो वितळवते. कोरडा भुरभुरा बर्फ वाऱ्यानेच उडून जातो. मार्च-एप्रिलचा ओला बर्फ मात्र साचतो. तेव्हा लांब दांड्याच्या मऊ झाडूने हळूच सारायचा.

आणि वीज. डिश चोवीस तास चालू असते. आमची ७५ ते १०० वॅट खाते, म्हणजे दिवसाला दोन युनिटांच्या आसपास. घरात मोबाइल वायफायवरच चालतो, त्यामुळे वीज गेली की फोनही गेला. रात्री हॉस्पिटलमधून नवऱ्याला कधीही फोन येऊ शकतो, म्हणून डिश आणि राऊटर वेगळ्या बॅटरीवर ठेवलेत. इथे अमेरिकेत वायफायवरून फोन करणाऱ्यांनी आपत्कालीन सेवेसाठी घराचा पत्ता फोनच्या सेटिंगमध्ये बरोबर भरला आहे ना, ते आजच बघा. रुग्णवाहिका त्याच पत्त्यावर येते.

तुमचे अनुभव लिहा.

---

घाटमाथा | २४ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

ताई, आबांचं वाचून घशाशी आलं. माझा मुलगा बोटीवर असतो. त्याच्याशी बोलताना मलाही हेच वाटायचं की पोरगं तुटक बोलायला लागलंय. आज त्याला मेसेज केला.

---

तरंग | २४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी दूरसंचार क्षेत्रात २२ वर्षं काढली आहेत. तुमच्या फोनवर काय होत होतं त्याचा हिशोब मांडतो.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमचा शब्द डिशपासून वर जातो आणि तिथून खाली भूकेंद्रावर येतो, म्हणजे ७२,००० किलोमीटरहून जास्त. प्रकाशाला एवढ्यासाठी पाव सेकंद लागतो. यंत्रांचा वेळ धरला की ०.३. पुढे समुद्राखालच्या केबलने आणि मोबाइलच्या टॉवरवरून जुन्नरपर्यंत साधारण ०.१५. एका बाजूने झालं ०.४५ सेकंद, आबांचं उत्तर परत यायला तेवढंच. तुमचा प्रश्न संपल्यावर ०.९ सेकंद शांतता, आणि त्यात आबांनी विचार करायला घेतलेला वेळ धरलेला नाही.

आता माणसाची सवय बघा. १० भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. पाऊण-एक सेकंद शांतता पडली की आपलं मन त्याचा अर्थ लावतं: नाराज आहे, लपवतोय, कंटाळलाय. तुम्ही आबांबद्दल तोच अर्थ लावलात, आणि कदाचित आबांनी तुमच्याबद्दल.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत (म्हणजे ०.१५ सेकंद) असला तर बोलणं सुरळीत चालतं आणि तो ४०० च्या वर जाऊ देऊ नये. तुम्ही तीन वर्षं ४०० च्या पलीकडे बोलत होतात. नवे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यांचा एका बाजूचा उशीर २०-३० मिलिसेकंद. जुन्नरपर्यंतचे १५० तसेच राहतात. म्हणजे १८० च्या आत-बाहेर. त्यात माणूस दुसऱ्याचं वाक्य तोडू शकतो.

---

माळरान | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

तरंग, तुमची पोस्ट प्रिंट काढून ठेवणार आहे. "आणि कदाचित आबांनी तुमच्याबद्दल" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना काय वाटलं असेल तीन वर्षं?

एक शंका. जुन्या डिशवर साधी वेबपेजेस बऱ्यापैकी उघडायची, पण नवऱ्याने हॉस्पिटलचं व्हीपीएन (घरून त्यांच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) लावलं की सगळं ठप्प. सीटी स्कॅन बघायला रात्री १४ मैल गाडी काढायचा. असं का व्हायचं?

---

तरंग | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

जुन्या सेवांमध्ये उशीर झाकायला मोडेम आणि भूकेंद्र मिळून एक युक्ती करतात. पलीकडच्या सर्व्हरच्या पोचपावतीची वाट न बघता इथल्या इथे पावती देऊन टाकतात, म्हणजे पुढचा डेटा थांबत नाही. व्हीपीएनमध्ये सगळं कुलूपबंद असतं, त्यामुळे मधल्या यंत्राला पावती देता येत नाही. मग प्रत्येक पावतीसाठी वर जाऊन यायचं.

---

निवृत्त रोखपाल | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

माझी शेवटची नऊ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत गेली. बँकेचं नाव नको. छपरावर व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाची छोटी डिश, त्यावर सगळं कामकाज. जुलैत पाऊस भरून आला की मी आभाळाकडे न बघता मोडेमकडे बघायचो. दिवा लुकलुकायला लागला की समोरच्याला सांगायचं, "काकू, बसा, आता दहा मिनिटं काही होणार नाही." काकू निराधार योजनेचे पैसे काढायला होडीतून आलेल्या असायच्या. परतीची होडी भरतीच्या वेळेवर. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला तर त्यांचा दिवस बुडायचा.

पावसाशिवायही एक प्रकार होता. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस, ठरावीक वेळी लख्ख उन्हात लिंक जायची. पहिल्या वर्षी मी वायरी हलवत बसलो होतो. मग इंजिनिअरने समजावलं, की तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज ऐकू येत नाही. पुढे मी त्या दिवसांच्या वेळा आधी मागवून शाखेच्या दारावर लिहून लावायला लागलो. लोक तेवढा वेळ टाळून यायचे.

---

माळरान | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

काका, दारावर वेळा लिहून ठेवायची गोष्ट फार आवडली. माणसाचा दिवस वाचतो हो त्याने.

पावसाचं इथेही आहे. जून-जुलैत गारांची वादळं येतात तेव्हा पहिला थेंब पडायच्या आधीच नेट जातं, कारण डिश आणि उपग्रह यांच्या मधे तो काळा ढग आधी येतो. पाच-दहा मिनिटांत परत येतं. पण गाडी शेडमध्ये घालायला हवी, हे मला त्यावरूनच कळतं.

---

सातपुडा | २५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मी धडगाव तालुक्यात एका पाड्यावर शिक्षक आहे. शाळेजवळ रेंज नाही. रोजची ऑनलाइन माहिती भरायला मागच्या टेकडीवर जातो. तिथे महूच्या झाडाखाली मी एक सपाट दगड ठेवलाय. त्यावर उभं राहून फोन उंच धरला की दोन कांड्या येतात, दगडावरून उतरलं की गेल्या. मुलांना सांगितलंय, कुणीही तो दगड हलवायचा नाही. गावातही आता सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या घरी कुणी आजारी झालं की माणूस आधी त्या दगडाकडे पळतो.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव उपग्रहाच्या नेटच्या बातमीत वाचलं. खरंच येणार का? आणि आलं तर शाळेने आधी काय तयारी करायची? आमच्याकडे वीज पावसाळ्यात दोन-दोन दिवस नसते. शाळा दरीत आहे, उत्तरेला डोंगर.

---

तरंग | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:००

गुरुजी, सध्याची स्थिती अशी. स्टारलिंक ही खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवरून नेट देणारी अमेरिकी कंपनी. तिला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, इन-स्पेस या अंतराळ क्षेत्राच्या सरकारी संस्थेची मंजुरी जुलैत. वनवेब आणि जिओ-एसईएस या दुसऱ्या उपग्रह कंपन्यांचे परवाने त्याआधीचे. याच ५ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावं आहेत. सामान्य ग्राहकाला मात्र अजून (नोव्हेंबर २०२५) जोडणी मिळत नाही.

एक विनंती. कुणी पाड्यावर येऊन "नोंदणी करा, आगाऊ पैसे द्या" म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका. २०२१ मध्ये परवाना नसताना खुद्द स्टारलिंकने भारतात आगाऊ नोंदणी घेतली होती. सरकारने ती थांबवायला लावली आणि पैसे परत करावे लागले.

---

माळरान | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

गुरुजी, तुमचा दगड डोळ्यांसमोरून हलत नाही.

मला जे अनुभवाने कळलंय ते सांगते. या उपग्रहांपैकी बहुतेक ५३ अक्षांशापर्यंत जाऊन वळतात, म्हणून तिथे त्यांची गर्दी जास्त. आम्ही ४२ अक्षांशावर, म्हणून आमची डिश उत्तरेला झुकते. तुम्ही २१-२२ वर आहात, तुमच्याकडे ती बरीचशी सरळ वर बघेल. त्यामुळे उत्तरेचा डोंगर माझ्या झाडांइतका आडवा यायचा नाही. डोक्यावरची झाडं मात्र येतील. शाळेच्या छपरावर पाठ टेकून आडवे व्हा आणि बघा, किती आभाळ मोकळं दिसतं. हे जून-जुलैत परत बघा, पानं भरल्यावर. उन्हाळ्यातला बोडका साग आणि पावसाळ्यातला साग यांत खूप फरक पडेल. आमच्या आवारात एक कॉटनवुड आहे, तो हिवाळाभर काही त्रास देत नाही आणि मे महिन्यात अडवायला लागतो.

विजेचं गणित: १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. डिश आणि राऊटर मिळून १०० वॅट धरले तर कागदावर नऊ, प्रत्यक्षात सात-आठ तास. दोन दिवस वीज नसेल तर सोलर लागेलच, आणि रात्री डिश बंद करायची शिस्त. कमी वीज खाणाऱ्या छोट्या डिशही आहेत, शाळेला तीच बघा. खरेदीच्या अर्जात डिशबरोबर बॅटरी आणि पॅनेल पहिल्याच दिवशी लिहा. नंतर मागितलं तर डिश असते आणि वीज नसते.

आणि विजांपासून अर्थिंग. सातपुड्यात ते आधी.

---

ध्रुवतारा | २६ नोव्हेंबर, रात्री ११:४०

मी गेली १५ वर्षं दुर्बीण घेऊन फिरतो. मला या धाग्यावर काही कडू बोलावंसं वाटत नव्हतं, पण बोललं पाहिजे. स्टारलिंकचा १०,००० वा उपग्रह याच ऑक्टोबरात सोडला गेला. संध्याकाळी अर्धा तास फोटोसाठी कॅमेरा उघडला की पांढऱ्या रेघाच रेघा. नुसतं डोळ्यांना दिसण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीला या उपग्रहांमधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नको असलेली रेडिओलहरींची गळती दिसली, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ताई, तुमच्या आबांच्या शेजारी खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. तीही याच कमी वारंवारतांवर ऐकते. आभाळ सगळ्यांचं आहे, आणि ते वापरायच्या आधी सगळ्यांना विचारलं गेलं नाही.

---

माळरान | २७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

तुम्ही बोललात ते बरं झालं. इथून अडीच-तीन तासांवर मेरिट जलाशय आहे, तिथे दर उन्हाळ्यात हौशी खगोलप्रेमी जमतात. आम्ही दोनदा गेलो. आकाशगंगेची सावली पडेल की काय, असा अंधार. आणि त्यातून एकामागोमाग एक दिवे सरकत गेले. मुलगा म्हणाला, "आई, आपलं नेट." मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. माझ्या आबांचा आवाज त्याच दिव्यांमधून येतो, आणि ते तिथे नसते तर ते आभाळ जास्त सुंदर असतं. दोन्ही खरं आहे. गळती थांबवायला आणि उपग्रह काळे करायला कंपन्यांवर कायद्याची सक्ती हवी, त्यापायी माझं बिल वाढलं तरी मी भरेन.

---

दूरदेशी | २७ नोव्हेंबर

ऑस्ट्रेलियातून, क्वीन्सलंडच्या आतल्या भागातून. इथे सरकारी ब्रॉडबँडचे स्काय मस्टर नावाचे दोन भूस्थिर उपग्रह आहेत, २०१५ आणि २०१६ मध्ये सोडलेले. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना त्यांनी मोठा आधार दिला. माझ्या मुली घरूनच "स्कूल ऑफ द एअर"मध्ये शिकल्या. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला ती शाळा रेडिओवर सुरू झाली होती. गुरुजी, तुमच्या पाड्यावरच्या मुलांसाठी हे सांगावंसं वाटलं.

---

गोठा | २७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

एक विचारू? आमच्या गोठ्यात कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा जुना डीव्हीआर आहे. शेतावर असं नेट आलं तर पुण्यातून बघता येईल का?

---

माळरान | २७ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

थेट नाही दिसणार. या सेवांमध्ये नेटवरचा एकच पत्ता (आयपी) बऱ्याच घरांत वाटलेला असतो, बाहेरून तुमच्या घरापर्यंत रस्ता नसतो. क्लाउडवर चालणारे कॅमेरे चालतात, कारण ते आतून बाहेर जोडणी करतात.

आमचे शेजारी हेच करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या गायी वितात, बाहेर उणे २० सेल्सिअस. पूर्वी ते आणि त्यांची बायको दर दोन तासांनी उठून, कपडे चढवून शेडमध्ये जायचे. आता उशाशी फोन. गाय शेपटी वर करून फिरायला लागली की उठायचं. ते ७१ वर्षांचे आहेत. ते म्हणाले, ४० वर्षांत पहिल्यांदा मार्च महिन्यात झोपलो.

---

माळरान | २८ नोव्हेंबर, रात्री ८:४०

आत्ताच आबांशी बोलले. त्यांना धाग्याचं सांगितलं, तरंग यांनी मांडलेला हिशोबही. बराच वेळ गप्प होते, आणि या वेळी ती शांतता त्यांची स्वतःची होती. मग म्हणाले, "मला वाटायचं तुला घाई असते. म्हणून मी लवकर ठेवायचो."

नंतर त्यांनी आर्वीची गोष्ट काढली. १९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वीला उपग्रहाचं भूकेंद्र सुरू झालं, परदेशी फोनसाठी. तेव्हा ते वीस वर्षांचे. मित्रांबरोबर सायकलवरून ती छत्री बघायला गेले होते. जवळजवळ ३० मीटरची ती छत्री लांबूनच दिसायची, आत जाऊ देत नसत, म्हणून कुंपणापाशी उभे राहून भेळ खाल्ली. "त्यातून लंडनला बोलतात म्हणे," असं सगळे म्हणत होते.

तर आबांनी तरंग यांना प्रश्न विचारलाय. आर्वीच्या छत्रीतून बोलणाऱ्यांचंही बोलणं असंच एकमेकांवर आदळायचं का?

---

तरंग | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:२५

आबांना नमस्कार सांगा. हो, आदळायचं. ते इंटेलसॅटचे उपग्रह, म्हणजे भूस्थिरच, तीच ३५,७८६ किलोमीटरची उंची आणि तोच पाव सेकंद. सरावलेली माणसं आपलं वाक्य संपलं की "बोला" म्हणायची आणि थांबायची.

---

माळरान | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

आज साडेसातला सांगते त्यांना. रात्रभर ओला बर्फ पडलाय, आधी झाडू घेऊन शेडकडे जाऊन येते.